मटिल्डाच्या किटवरच्या एक स्टार रिव्ह्यूला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. एक स्टार पाहून वाईट वाटलंच, पण जास्त लागलं ते शेवटचं वाक्य: "अर्धवट टँक खोक्यात भरून माळ्यावर टाकला." हे उत्तर लांबलंय ते त्या वाक्यापायी. पहिल्यांदाच टँकचं किट घेणारे आणखी काहीजण हे वाचतील, त्यांच्याही उपयोगी पडेल.

तुम्ही आमच्याकडून मटिल्डाचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश रणगाड्याचं, १/३५ स्केलचं (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचं) जोडायचं प्लास्टिक किट घेतलंत. तुमच्या तक्रारी अशा: टरेटचं (वरच्या फिरत्या, तोफ असलेल्या भागाचं) मोल्डिंग खरबरीत निघालं, ते घासावं लागलं. तोफ काडीसारखी बारीक आहे. ट्रॅक (चाकांभोवतीचे पट्टे) रबरी नसून बारीक तुकड्यांचे आहेत. नेटवरच्या फोटोत जो निळा पट्टा दिसतो त्याच्या जागी आम्ही मळकट हिरवट रंग दिला. डिकलभोवती (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांभोवती) पांढरट चकाकी आली. बरेच पार्ट उरले. एवढे पैसे मोजून वस्तू वीतभरही नाही. आणि काउंटरवरच्या मुलाने नको ते सामान गळ्यात मारलं.

डिकल, किंमत आणि सामान यांचं खाली सांगतो. बाकीच्या बाबतीत माझं म्हणणं एवढंच आहे की ते किटचे दोष नाहीत. मटिल्डा होताच तसा.

टरेटपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही सँडपेपर चालवलात. मटिल्डाचं टरेट ओतीव पोलादाचं होतं आणि पुढचं नाकही ओतीव. साच्यातून निघालेल्या पोलादाचा पृष्ठभाग कधीच गुळगुळीत नसतो. किट बनवणाऱ्यांनी तो खडबडीतपणा मुद्दाम प्लास्टिकवर उतरवलेला असतो. हे ओतकाम इतकं किचकट होतं की सुरुवातीच्या रणगाड्यांचं नाक काही ठिकाणी गरजेपेक्षा जाड येई आणि कुशल कारागिरांना ते ग्राइंड करून उतरवावं लागे. म्हणूनच हा रणगाडा भराभर तयार होत नसे. तरीही युद्धकाळात २,९८७ बनले. मुख्य काम होतं लँकेशायरमधल्या व्हल्कन फाउंड्रीकडे, आणि ही मुळात रेल्वे इंजिनं बनवणारी कंपनी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी गेली, तिची इंजिनं याच कारखान्यातली. दुकानात मटिल्डाचा विषय निघाला की मी हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

टरेट वाया गेलेलं नाही, काळजी करू नका. लिक्विड पुटी (मॉडेलसाठीचं पातळ लुकण) घ्या, घासलेल्या भागावर पातळ थर द्या आणि तो ओला असतानाच जुन्या, ताठ केसांच्या ब्रशने टोचत जा. ब्रश ओढायचा नाही, उभा धरून फक्त टेकवायचा. वाळल्यावर बारीक सँडपेपर एकदाच हलक्या हाताने फिरवा. प्रायमर मारलात की ओतीव पोलाद पुन्हा दिसू लागेल. माझ्या मते हे कारखान्यातून येणाऱ्या मोल्डिंगपेक्षाही चांगलं दिसतं.

तोफेचं गणित सोपं आहे. ती टू-पाउंडर, म्हणजे नळीचा आतला व्यास ४० मिलिमीटर. त्याला ३५ ने भागलं की एक मिलिमीटरच्या जरा वर येतं. १९४० मध्ये ब्रिटिश रणगाड्यांवर हीच तोफ असायची. मटिल्डाचा दबदबा तोफेमुळे नव्हताच, तो चिलखतामुळे होता. पुढचं चिलखत ७८ मिलिमीटर जाड. ९ डिसेंबर १९४० ला इजिप्तमध्ये निबेइवाच्या इटालियन तळावर हल्ला झाला तेव्हा सेव्हन्थ रॉयल टँक रेजिमेंटचे मटिल्डा पुढे होते आणि त्यांच्या जोडीला आपल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनचं पायदळ होतं. इटालियन रणगाडाविरोधी तोफांचे गोळे त्या चिलखतातून आत शिरले नाहीत. तोफ जाड दिसावी म्हणून कुठल्या कंपनीने नळी फुगवली असती, तर ते किट मी दुकानात ठेवलं नसतं.

आता ट्रॅक. वैताग आला असणार, हे मान्य. पण रबरी पट्टा लावला की तो ताणून बसतो आणि चाकांवर घट्ट आवळल्यासारखा दिसतो. खरा पोलादी ट्रॅक स्वतःच्या वजनाने सैल पडतो. शिवाय काही जुन्या किटमधल्या मऊ पट्ट्यांतलं रसायन वर्षानुवर्षं चाकांच्या प्लास्टिकला लागून ते विरघळवतं. अशी चिकटलेली, खड्डे पडलेली चाकं घेऊन लोक माझ्याकडे येतात. तुमच्या किटमध्ये सरळ भाग अखंड पट्टीचे आहेत आणि सुटे दुवे फक्त वळणापुरते. मटिल्डाच्या बाजूंना चिलखती पडदा असतो, त्यामागे ट्रॅकचा बराचसा वरचा भाग झाकला जातो. सगळं लक्ष पुढच्या आणि मागच्या चाकाभोवतीच्या वळणांवर द्या, बाकीचं कोणाला दिसणार नाही.

वळण असं करायचं. टेबलावर मास्किंग टेप चिकट बाजू वर करून पसरा. त्यावर दुवे एका रांगेत, पट्टी लावून सरळ मांडा. एक्स्ट्रा थिन ग्लूचा ब्रश प्रत्येक सांध्याला नुसता टेकवा, ग्लू आपोआप आत ओढला जातो. साधारण अर्धा तास थांबा. तेवढ्यात सांधे धरतात पण कडक होत नाहीत. मग अख्खी माळ उचलून चाकाभोवती वळवा, टेपने जागेवर बांधा आणि रात्रभर हात लावू नका. तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंय की एकेक दुवा चाकावरच चिकटवत गेलात आणि शेवटी फट उरली. तसं केलं की प्रत्येक दुव्यामागे थोडा फरक साठत जातो आणि सगळा शेवटच्या सांध्यावर येतो. त्या फटीला आता नवा दुवा नको. ती फिरवून पडद्याच्या आड न्या.

रंगाबद्दल मात्र मी ठाम आहे. तुम्हाला हवी होती ती कॉन्टर स्कीम, म्हणजे वाळवंटातली तिरक्या सरळ रेषांची तिरंगी रंगसंगती. ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावाने ती ओळखली जाते. ती १९४० च्या उत्तरार्धापासून साधारण १९४१ अखेरपर्यंत वापरात होती. रंग ठरलेले होते आणि त्यांना ब्रिटिश स्टँडर्डचे क्रमांक होते: फिकट वाळूचा लाइट स्टोन ६१ किंवा पोर्टलंड स्टोन ६४, गडद स्लेट ३४ आणि मधला सिल्व्हर ग्रे २८. नावात सिल्व्हर असलं तरी हा रंग हिरवट झाक असलेला राखाडी आहे. त्या काळचे फोटो बहुतेक कृष्णधवल, त्यांवरून रंग कळत नाही. पुढे इंग्लंडमधल्या संग्रहालयात उभा असलेला मटिल्डा नव्याने रंगवताना त्या जागी फिकट निळा मारला गेला. तो पाहून पुस्तकांत, खोक्यांवर आणि मॉडेलांवर निळा रूढ झाला. अभ्यासकांनी नंतर मूळ रंगांचे नमुने आणि आदेश तपासले तेव्हा निळ्याला आधार नसल्याचं दिसलं. तुम्ही दुकानात "खरा तसाच करायचाय" म्हणालात, म्हणून तुम्हाला खऱ्याचा रंग दिला. निळाच आवडत असेल तर जरूर निळा करा, मॉडेल तुमचं आहे. पण दिलेला रंग चुकीचा होता, हे मी मान्य करणार नाही.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात मटिल्डा पाहून आलात आणि मग किट घेतलंत, हे वाचून फार बरं वाटलं. १९९४ पासून ते संग्रहालय आपल्या इतक्या जवळ आहे, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल हे रणगाडेही तिथे आहेत, तरी पुण्यातले कितीतरी लोक अजून तिकडे फिरकलेले नाहीत. फक्त तिथला रंग प्रमाण धरू नका. उघड्यावर ठेवलेले रणगाडे ऊन-पावसात टिकावेत म्हणून पुन्हा पुन्हा रंगवावे लागतात. तिथून घ्यायचं ते आकार, रिव्हेट, ओतीव पोलादाचा पोत आणि ट्रॅकचा सैलपणा. पुढच्या वेळी जाल तेव्हा टरेटचे फोटो अगदी जवळून काढा.

डिकलची चकाकी म्हणजे खाली अडकलेली हवा. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, त्यावर डिकल पूर्ण टेकत नाही. आधी ग्लॉस वार्निशचा थर हवा. आता डिकल उपटू नका. सुईच्या टोकाने चकाकणाऱ्या जागी अगदी बारीक भोकं पाडा, वर डिकल सॉफ्टनर लावा, वाळू द्या आणि हेच दोन-तीनदा करा. मग सगळ्यावर मॅट वार्निश मारा. पावसाची झड लागलेली असेल त्या दिवशी स्प्रे करू नका, दमट हवेत वार्निशवर पांढुरकी साय धरते.

पार्ट उरले कारण त्या खोक्यात मटिल्डाच्या मार्क थ्री आणि मार्क फोर या दोन्ही आवृत्त्यांचे पार्ट असतात. उरलेले जपून ठेवा. आकार म्हणाल तर खरा मटिल्डा सुमारे ५.६ मीटर लांब, म्हणजे १/३५ मध्ये १६ सेंटिमीटर. किंमतीवर माझा फारसा ताबा नाही. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७० वर, आणि स्केल मॉडेल कस्टमच्या दृष्टीने खेळण्यांच्याच गटात येतं.

काउंटरवरच्या मुलाच्या बाजूने मला बोललंच पाहिजे. त्याने तुम्हाला आधी क्रॉमवेल या दुसऱ्या ब्रिटिश रणगाड्याचं किट दाखवलं होतं: रबरी ट्रॅक, १९४४ चा एकच ऑलिव्ह ड्रॅब रंग, मास्किंगची (टेप लावून रंग वेगळे मारण्याची) भानगड नाही. पहिल्या टँकसाठी तो सल्ला योग्य होता. तुमचं मन मटिल्डावर होतं, मग त्याने मटिल्डाला लागणारं सामान काढलं. ट्यूबमधल्या जाड ग्लूने हे ट्रॅक जुळत नाहीत म्हणून एक्स्ट्रा थिन, आणि तीन रंग टेपने मारायचे तर खाली पकड हवी म्हणून प्रायमर. ग्लॉस वार्निशही त्यानेच पुढे केलं होतं, ते तुम्ही परत ठेवलंत.

चिकटवलेल्या किटचे पैसे परत देता येत नाहीत, हे बिलावर छापलेलं आहे आणि तो नियम सगळ्यांना सारखाच आहे. पण शनिवारी दुपारनंतर दुकानात मागच्या टेबलावर बसून आमची मंडळी मॉडेल करत असतात. तिथे ग्लू, पुटी, सॉफ्टनर आणि वार्निश दुकानाचं, त्याचे पैसे लागत नाहीत. मटिल्डा माळ्यावरून काढा आणि घेऊन या. टरेटची पुटी आणि डिकल एका बैठकीत होतील, ट्रॅक आणि मास्किंगला दुसरी बैठक लागेल. येताना डिकल शीटचा उरलेला तुकडा, सगळे स्प्रू (पार्ट ज्यांना जोडून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी) आणि सूचनापत्रक आठवणीने आणा. डिकलवर आपण येईपर्यंत आणखी काही लावू नका.

– दुकानमालक, पुणे