दगडफूल आणि डी ड्राइव्ह

आमच्याकडे दरवर्षी एप्रिलात गोडा मसाला होतो. होतो म्हणजे आई करते. आम्ही बाकीचे धने वाळत घातलेल्या चादरीवरून उड्या मारत बाल्कनीत जातो आणि बोलणी खातो. यंदा आईच्या गुडघ्यांनी संप पुकारला. बायको म्हणाली, "मी करते की. आई, फक्त प्रमाण सांगा."

आईनं पेपरातून डोकं वर काढलं नाही. "प्रमाण याच्या मशीनमध्ये आहे. एकदा बसून सगळं सांगितलंय त्याला. सांगून मोकळी झाले, आता माझ्या डोक्यात काही नाही."

हे खरं होतं. वीसएक वर्षांपूर्वी कधीतरी मी कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करत बसलो होतो, आई ओट्यापाशी होती आणि तिनं तिथून ओरडून प्रमाण सांगितलं होतं. मी ते टिपलं होतं. "आई, आता हे कायमचं राहिलं," असंही म्हणालो होतो. वाक्य माझंच असल्यामुळे नाकारता येईना.

"मग काढ की. दोन मिनिटांचं काम," आई म्हणाली.

तो सोमवार होता. डंकवाल्यानं गुरुवारी सकाळचा नंबर दिला होता.

माझ्या जुन्या सगळ्या फायली डी ड्राइव्हवर आहेत. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखून ठेवलेली, सी वर विंडोजचा संसार, म्हणून आपलं काय ते डी वर. घरात माळा असतो तसा हा डी ड्राइव्ह. तीन कॉम्प्युटर बदलले, दर वेळी जुन्यातलं सगळं उचलून नव्याच्या डी वर ओतलं. उघडून बघितलं कधीच नाही. मी उजव्या कोपऱ्यातल्या शोधाच्या चौकटीत 'मसाला' लिहिलं आणि एन्टर दाबलं.

वरच्या पट्टीत एक हिरवी रेघ निघाली. ही रेघ बघण्यासारखी असते. सुरुवातीला अशी सुसाट पळते की आपण चष्मा पुसून तयार राहतो. पाऊण पट्टी ओलांडली की तिला दम लागतो. मग ती आडगावच्या एसटीसारखी थांबत थांबत, प्रत्येक फाट्यावर प्रवासी आहे का बघत पुढे सरकते, आणि अगदी शेवटच्या बोटभर अंतरावर मुक्कामच टाकते. मी चहा पिऊन आलो. रेघ तिथेच. आंघोळ करून आलो तेव्हा रेघ गेली होती आणि खाली लिहिलं होतं की, तुमच्या शोधाशी जुळणारं काहीही नाही.

मला एक्स्पीच्या काळातला कुत्रा आठवला. २००१ साली विंडोज एक्स्पी आलं तेव्हा शोधाच्या खिडकीत एक पिवळसर कुत्रा बसलेला असे. रोव्हर त्याचं नाव, आणि तो मूळचा १९९५ सालच्या एका जुन्या प्रोग्रॅममधून बदली होऊन आलेला. त्यालाही पुष्कळदा काही सापडायचं नाही, पण निदान शेपूट हलवायचा. आपल्यासाठी कोणीतरी धावपळ करतंय असं वाटायचं. पुढे तो गेला आणि ही निर्विकार हिरवी रेघ आली.

मसाला नाही तर नाही, इंग्रजी अक्षरांत लिहून बघू. 'मसाला' हा शब्द इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिता येतो ते त्या दिवशी कळलं. एक ए, दोन ए, शेवटी एक, मध्ये दोन. अखेर एक फाइल मिळाली. ती एका उडपी हॉटेलाच्या मेन्यूचा फोटो निघाली. मसाला डोसा, पस्तीस रुपये. त्या आकड्याकडे मी बराच वेळ बघत बसलो.

मग तारखेनं शोधायचं ठरवलं. २००५ ते २००८ मध्ये बदललेल्या फायली दाखव म्हटलं. एकही नाही. चार वर्षं मी कॉम्प्युटरला हातच लावला नव्हता म्हणे. उलट १ जानेवारी २००२ या एका तारखेला मी दोनशे चौदा फायली लिहिल्या होत्या. हळूहळू उलगडा झाला. आमच्या त्या पहिल्या मशीनचा सेल गेला होता. मदरबोर्डवर रुपयाएवढा चपटा, गोल सेल असतो. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. तो मेला की मशीन दर वेळी जन्माला आल्यासारखं आपल्या ठरलेल्या पहिल्या तारखेपासून सुरुवात करतं. नवा सेल पंचवीस-तीस रुपयांना मिळत होता. तो आणायला मी 'उद्या जातो' म्हणत होतो आणि घरात तो उद्या काही उगवत नव्हता. मुलीच्या दहावीच्या वर्षापासून ती कॉलेजात जाईपर्यंत आमच्याकडे १ जानेवारी २००२ हा एकच दिवस चालू होता.

फायलींच्या नावांबद्दल न बोललेलं बरं. 'फायनल', 'फायनल नक्की', 'फायनल नक्की दोन', 'नवीन', 'जुनं नवीन', आणि घाईच्या वेळी नुसतं 'एएए'. मी पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केली. ऑफिसात विषय न लिहिता फाइल वर पाठवणाऱ्या कारकुनाला मी उभं करून झापलेलं आहे. हा घरचा कारकून कोण होता, त्याला कोणी नेमलं, काही कळत नव्हतं.

मंगळवारी भाच्याला फोन लावला. तो बंगळुरूला असतो आणि मामाच्या कॉम्प्युटरचा विषय निघाला की त्याला मीटिंग असते. तरी त्यानं दोन प्रश्न विचारले. "मामा, इंडेक्सिंग चालू आहे ना? सर्व्हिस बघ."

बघितलं. बंद होती. तीन वर्षांपूर्वी मशीन फार रेंगाळतं म्हणून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "काका, फालतू सर्व्हिसेस सगळ्या बंद केल्यात, आता बघा कसं पळतं." पळत होतं खरं. नुसतं पळतच होतं, सापडत काही नव्हतं. आता त्यालाच फोन केला तर तो म्हणाला, "डिस्क गेली असणार काका, एसएसडी टाकून घ्या." या मुलाला अंगात कणकण आहे म्हणून सांगितलं तरी तो एसएसडीच टाकायला सांगेल.

इंडेक्स म्हणजे काय ते मला भाच्यापेक्षा चांगलं कळलं, कारण आयुष्य आवक-जावक रजिस्टरात गेलं. रजिस्टर असेल तर साहेबांनी कागद मागितला की नोंद बघायची, कपाट क्रमांक, गठ्ठा क्रमांक, कागद हजर. रजिस्टर नसेल तर रेकॉर्ड रूममध्ये शिरून एकेक गठ्ठा सोडायचा, आणि तोही वरवर, कारण आतली पानं वाचत बसायला वेळ कोणाला आहे? माझं मशीन तेच करत होतं. हिरवी रेघ म्हणजे रेकॉर्ड रूममधला शिपाई. तो नुसती फायलींच्या पाठीवरची नावं वाचत चालला होता, आणि नावं कुणी ठेवली होती ते वर सांगितलंच आहे.

सर्व्हिस चालू केली. इंडेक्सच्या यादीत डी ड्राइव्हवर टिचकी मारली. यादीत तो मुळातच नव्हता. माळ्याची नोंद घराच्या उताऱ्यावर कोण करतं? फाइलचं नुसतं नाव नाही, आतला मजकूरही वाच, असं सांगणारा एक पर्याय आतल्या आतल्या खिडकीत असतो, तोही निवडला. मग नव्याने इंडेक्स बांधायचं बटण दाबलं आणि खुर्ची ओढून बसलो.

शंभर, दोनशे, साडेतीनशे नोंदी. छान चाललं होतं. जवळून नीट दिसावं म्हणून मी माउस जरासा हलवला. आकडा थबकला आणि खाली सूचना आली की, तुम्ही मशीन वापरत असल्यामुळे काम सावकाश चालू आहे. हात काढला. थोड्या वेळानं काम पुन्हा सुरू. परत हात लावला, परत सुस्ती. नोकरीत साहेब बघत असताना पेन चालवणारे आणि साहेब वळला की पेन खाली ठेवणारे शेकड्यानं बघितले. कोणी बघत नसताना काम करणारा आणि बघायला गेलं की संकोचून थांबणारा कर्मचारी पहिल्यांदाच भेटला.

आईला हे अजिबात नवल वाटलं नाही. "माझ्यासारखंच आहे की. कोणी शेजारी उभं राहिलं की माझ्या पोळ्या फुगत नाहीत. तू उठ तिथून."

उठलो. मंगळवारची रात्र मशीनला एकटं सोडलं. बायकोनं दारावरून जाताना दिवा मालवला, बाळ झोपलेलं असावं तसा.

बुधवारी सकाळी हजारोंनी नोंदी झाल्या होत्या. 'मसाला' लिहिलं आणि एन्टर दाबायच्या आत निकाल. सतरा! सतराच्या सतरा चुकीचे. सोसायटीच्या कोजागरीचा हिशेब, कुणीतरी पाठवलेलं मधुमेहाचं पथ्य, भाच्याच्या लग्नातला मेनू. सगळं अलीकडचं. दोनशे चौदांपैकी एकही नाही. माझ्या स्वतःच्या हातानं, मराठीत लिहिलेल्या फायलींमध्ये मशीनला एकसुद्धा मराठी शब्द सापडत नव्हता.

तेव्हा त्यातली एक उघडली. आतमध्ये शुद्ध इंग्रजी गचाळपणा. पहिल्याच ओळीत आय, झेड, एफ, आर आणि मग एक चौकोनी कंस, तोही उलटा. मी डोळे बारीक करून बघत राहिलो आणि एकदम पोटात काहीतरी हललं. सरकारी अर्जाची पहिली ओळ आणखी कुठली असणार? 'प्रति,'. हे कृतिदेव होतं!

ज्यांनी त्या काळी ऑफिसात टाइप केलंय त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच की, कृतिदेव हा फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेले मराठी कपडे. पडद्यावर 'म' दिसतो, फाइलच्या पोटात मात्र इंग्रजी ई असतो. फॉन्ट मशीनवर आहे तोवर नाटक बिनबोभाट चालतं. फॉन्ट गेला की पात्रं कपड्यांविना रंगमंचावर. देवनागरीला स्वतःचे क्रमांक देणारं युनिकोड १९९१ पासून होतं, पण आमच्या ऑफिसात ते पोचेस्तोवर निम्मे लोक निवृत्त झाले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात जुन्या कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेत, ते वाचायला मोडी यावी लागते. ही आमच्या पिढीची मोडी. फरक इतकाच की मोडी वाचणारे जाणकार अजून भेटतात. ही मोडी वाचणारा मीच एक, आणि मलाही ती डोळ्यांनी वाचता येत नव्हती.

बोटांनी येत होती. कृतिदेववर माझी बारा-तेरा वर्षं गेली. मी डोळे मिटले, मनात 'मसाला' म्हटलं आणि बोटं सोडली. डोळे उघडले तर चौकटीत ई, एल, के, वाय, के. एखाद्या बर्फाळ देशातल्या खेड्याचं नाव वाटावं असं. एन्टर दाबलं. दोन फायली. एक ऑफिसच्या कँटीनविरुद्धची तक्रार, मसाला दुधात मसाला नसल्याबद्दल. दुसरी त्याच तक्रारीचं स्मरणपत्र.

मग लक्षात आलं की आईनं 'मसाला' हा शब्द उच्चारलाच नसणार. सगळे घरातलेच, कशाला सांगायला हवं कशाचं प्रमाण ते. ती थेट जिनसांवर आली असणार. धने लिहून बघितले, पण कृतिदेवात 'ध' म्हणजे तिरकी रेघ आणि के, आणि ती तिरकी रेघ शोधाच्या चौकटीला मानवेना. जिरे मिळाले ते ऑफिसातल्या एका जिरेसाहेबांच्या बदलीच्या आदेशात. असा शब्द हवा होता की जो माझ्या उभ्या कारकिर्दीत दुसऱ्या कुठल्याही कागदावर आला नसेल. डोळे मिटले. दगडफूल. एन, एक्स, एम, क्यू, डब्ल्यू, वाय.

एक फाइल. नाव 'मीटर दोन'.

फॉन्ट शोधून मशीनवर चढवला आणि इंग्रजी चिखलातून मराठी वर आली. वीज कार्यालयाच्या उपअभियंत्यांना अर्ज. विषय : वीजमीटर जलद फिरत असल्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून. खाली आपला विश्वासू. त्याखाली 'सोबत' लिहून जोडपत्रांची यादी, आणि आकडे आपोआप पुढे टाकण्याची सोय चालू राहिलेली.

१. मागील तीन बिलांची झेरॉक्स
२. दि. ४ च्या अर्जाची प्रत
३. धने एक किलो
४. सुकं खोबरं पाव किलो
५. तीळ पाव किलो, पांढरे
६. जिरे शंभर ग्रॅम
७. दगडफूल पंचवीस ग्रॅम, निवडून, त्यात माती असते

आणि असं करत लवंग, दालचिनी, नागकेशर, तमालपत्र. कानावर पडेल ते बोटांतून उतरवायची सवय असल्यामुळे मी आईचं एक अक्षर सोडलेलं नव्हतं. सतरावी नोंद अशी : 'हिंग थांब दूध वर आलं बघ बघ गेलं'. त्यापुढे काही नाही. बहुधा मी ओटा पुसायला उठलो.

हा अर्ज असाच्या असा छापून कार्यालयात गेला की जिनसा नंतर आल्या, ते आठवत नाही. आठ दिवसांत मीटर बदलून मिळालं होतं, एवढं मात्र आठवतं.

"आई, हिंग किती?" मी आतून ओरडलो.

"मशीनमध्ये बघ."

"मशीनमध्ये दूध उतू गेलंय."

आईनं पहिल्यांदा पेपर खाली ठेवला. "मग अंदाजानं घाला. हिंगाला कसलं आलंय प्रमाण?"

तोवर बायकोनं यादी छापून घेतली होती आणि ती हॉलमधून वाण्याला फोनवर एकेक जिन्नस वाचून दाखवत होती. "हं, घ्या लिहून. तीन बिलांची... नाही, थांबा. धने एक किलो, इंदुरी नकोत. खोबरं पाव किलो. हो, सुकंच. दगडफूल पंचवीस. नाही हो भाऊ, झेरॉक्स नको."