‘दुरुस्ती नाही तर भाडे नाही’ हा सल्ला घर घालवणारा आहे

‘भाडेकरूंनो, जागे व्हा’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या नातेवाइकांच्या, सोसायट्यांच्या, जुन्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्यात. घरमालक दुरुस्ती करत नाही तोवर भाडे देऊ नका, कायदा तुमच्या बाजूने आहे. भाडे थकले म्हणून कोर्ट कुणाला घराबाहेर काढत नाही. मालकाची नोटीस आली तर घेऊच नका, म्हणजे केस उभी राहत नाही. अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की पुरे. आणि बारा वर्षे राहिलेला भाडेकरू घराचा मालक होतो. कायद्याचे नाव नाही, एक कलम नाही, लिहिणाऱ्याचा पत्ता नाही.

माझी मावशी पुण्यात, पेठेतल्या एका वाड्यात, लग्न होऊन आली तेव्हापासून राहते. मागच्या खोलीचे छप्पर गळते, जिन्याचा कठडा हलतो, आणि मालक दर पावसाळ्यात ‘बघू’ म्हणतो. मेसेज वाचून तिने भाडे थांबवले. पुढे रजिस्टर पाकीट आले ते पोस्टमनच्या हातीच परत पाठवले. हे तिने मला फोनवर मोठ्या विश्वासाने सांगितले, म्हणून हे लिहितेय. असा मेसेज पुढे ढकलायला दोन सेकंद लागतात, पण निस्तरायला कोर्टाच्या किती तारखा लागतील ते ढकलणाऱ्याला ठाऊक नसते.

आपल्या राज्यात हा विषय महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये येतो. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. पुढचे बहुतेक सगळे त्यातलेच आहे, आणि कुणीही स्वतः वाचून पडताळू शकते.

सगळ्यात घातक मुद्दा नोटिशीचा, म्हणून तो आधी. भाडे थकले तर मालकाला थेट दावा लावता येत नाही. कलम १५ प्रमाणे आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते, आणि ती बजावल्यापासून ९० दिवस थांबावे लागते. ही मुदत कायद्याने भाडेकरूला दिली आहे. नोटीस कशी बजावायची ते १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ मध्ये आहे: पोस्टाने पाठवता येते, हातात देता येते, घरातल्या माणसाकडे किंवा नोकराकडे देता येते, आणि यातले काहीच जमत नसेल तर घराच्या दर्शनी भागावर चिकटवता येते. योग्य पत्त्यावर पाठवलेल्या रजिस्टर पाकिटावर पोस्टमनने ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारला, की कोर्ट सर्वसाधारणपणे ती नोटीस पोचली असेच धरते. म्हणजे पाकीट परत करून केस टळत नाही. तुमचे ९० दिवस मात्र सुरू होतात, आणि मालकाने नेमकी किती महिन्यांची, किती रकमेची मागणी केली आहे हे तुम्हाला कळतसुद्धा नाही. त्या मुदतीत थकबाकी भरून मोकळे होता आले असते. पाकीट घ्या, फोडा, मिळाल्याची तारीख पाकिटावरच लिहून ठेवा आणि वकिलाकडे जा. मावशीला आता तेच पाकीट पुन्हा कुठून तरी मिळवावे लागणार आहे.

आता दुरुस्ती आणि भाडे. इथे मेसेजवाल्याच्या हातात अर्धे सत्य आहे, ते मान्य करावे लागते. कलम १४ म्हणते की उलट करार नसेल तर घर राहण्याजोगे ठेवणे ही मालकाचीच जबाबदारी. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. त्यानंतर वाजवी वेळेत मालकाने काम केले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि तो खर्च भाड्यातून कापू शकतो. पण एका वर्षात कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाच्या वर जाता कामा नये.

‘भाडे थांबवा’ असे यात कुठेही नाही. आधी नोटीस, मग काम, मग बिल, आणि मग मर्यादेत कपात, असा तो क्रम आहे. मावशीचे भाडे महिना ६०० रुपये. वर्षाचे ७,२००, त्याचा चौथा हिस्सा १,८००. एवढ्या पैशांत छप्पर दुरुस्त होत नाही हे मलाही कळते, आणि जुन्या भाड्यांच्या घरांत ही मर्यादा भाडेकरूवर अन्याय करते असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही त्या १,८०० रुपयांवर तिचा हक्क होता आणि उरलेले ५,४०० देणे तिच्यावर बंधनकारक होते. तिने दोन्ही सोडले. हक्क वापरला नाही आणि थकबाकीदार मात्र झाली.

याच कलमात दोन कामाच्या गोष्टी आहेत, ज्या मेसेजमध्ये असायला हव्या होत्या. एक, वाड्यातले भाडेकरू मिळून नोटीस देऊ शकतात, मिळून काम करून घेऊ शकतात आणि खर्च आपापल्या भाड्याच्या प्रमाणात वाटून कापू शकतात. चार बिऱ्हाडे एकत्र आली तर निदान पन्हळ आणि कौले तरी होतात. दोन, भाडेकरूने ठेवलेला हिशेब आणि पावत्या हा खर्चाचा निर्णायक पुरावा धरला जातो, मालकावर तो बंधनकारक असतो. म्हणून गवंड्याला नुसते रोख पैसे देऊ नका. सहीची, तारखेची पावती घ्या, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो ठेवा.

मुंबई शहरात ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतीत राहत असाल, तर मोठ्या दुरुस्तीसाठी म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडेही लेखी अर्ज करायचा. आणि जे फ्लॅटमध्ये लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नुसत्या परवानगीवर राहतात, त्यांनी कलम १४ आपले समजू नये. ते ‘भाडेकरू’च्या व्याख्येत बसत नाहीत. त्यांचे दुरुस्तीचे हक्क करारात लिहिले असतील तेवढेच, आणि मुदत संपल्यावर घर सोडले नाही तर कलम २४ प्रमाणे दुप्पट शुल्क भरावे लागते. मेसेज भाडेकरू आणि लायसन्सवाला यांत काही फरकच करत नाही.

कोर्ट बाहेर काढत नाही म्हणे! कोर्ट काढत नाही ते भाडे देणाऱ्याला, किंवा द्यायला तयार असणाऱ्याला. दावा लागल्यावरसुद्धा एक संधी असते. समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी, त्यावर वर्षाला १५ टक्के सरळ व्याज, असे सगळे कोर्टात भरायचे, कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च द्यायचा आणि निकालापर्यंत दर महिन्याला भाडे भरत राहायचे. हे जमले तर घर राहते. मेसेजवर विसंबून थांबलेल्या माणसाचे घर इथे जाते. मालक भाडे घेत नसेल तर बँकेतून पाठवा, नाहीतर पूर्वीच्या लोकांसारखी मनीऑर्डर करा आणि परत आली तर तो कागद जपा. तुम्ही द्यायला तयार होतात, हे त्या कागदावरून दिसते.

उरलेल्या दोन मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. नोटरी पुरत नाही. कलम ५५ प्रमाणे भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्स दोन्ही लेखी आणि नोंदणीकृतच हवेत, अकरा महिन्यांचे असले तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध झाले नाही तोवर, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

बारा वर्षांत मालकी हा तर निव्वळ गैरसमज. ती मुदत मालकाच्या हक्काला आव्हान देऊन ताबा ठेवणाऱ्यासाठी आहे. भाडेकरू मालकाच्या परवानगीने राहतो. भाडेकरू असेपर्यंत त्याला मालकाची मालकी नाकारता येत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११६ मध्ये होते आणि २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमातही आहे.

मेसेजमध्ये जे अजिबात नाही ते कलम २९. निष्काळजी मालकाचे पुढचे पाऊल बहुधा नळ किंवा दिवा बंद करण्याचे असते. योग्य आणि पुरेशा कारणाशिवाय पाणी, वीज, जिन्यातला दिवा यांसारख्या आवश्यक सोयी तोडायला किंवा अडवून धरायला या कलमाने मालकाला मनाई आहे. भाडेकरू कोर्टात अर्ज करून त्या पूर्ववत करून घेऊ शकतो. मुंबई-पुण्यात हा अर्ज लघुवाद न्यायालयात करायचा, जिथे ते नाही तिथे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे. मात्र ‘योग्य कारणाशिवाय’ हे शब्द कलमातच आहेत. थकबाकी असली की मालकाला कोर्टात सांगायला कारण मिळते. म्हणून आधी थकलेले भाडे भरा आणि त्याची पावती या अर्जाला जोडा.