मालकच चालवत होता म्हणून सांग

आज सकाळी स्कूटीचे ब्रेक टाईट करायला कुडाळात गॅरेजवर गेलो आणि डोकं फिरवून घेऊन परत आलो. तिथे एक 24-25 वर्षांचा पोरगा उभा, मित्राची गाडी ठोकलेली, बोनेट वर आलेलं, तोंड उतरलेलं. आणि बाजूला चहा पीत पाच जण, ज्यांनी जन्मात पॉलिसीचा कागद उघडून बघितला नसेल, त्याला एकसुरात सांगतायत, "तू चालवत होतंस असा बोलू नको हां. मालकच चालवत होतो म्हणून सांग, नायतर इन्शुरन्स गावचो नाय."

हेच वाक्य! चार वर्षांपूर्वी गणपतीत मामाच्या पडवीत मी हेच ऐकलं आणि गपचूप मान डोलावली, म्हणून आज इतका चिडलोय.

तेव्हा दादा (माझा मामेभाऊ) डोंबिवलीहून गाडी घेऊन आलेला. रात्री भजन, पखवाजवाला पलीकडच्या वाडीतला, पाऊस कोसळतोय. दादाने चावी फेकली, "जा रे, त्याला घेऊन ये." येताना उतारावर तांबडा चिखल, वळणावर मधोमध गाय बसलेली, ब्रेक मारला तशी गाडी सरकत सरकत जाऊन गडग्याला (दगडी कुंपणाला) बसली. डावी हेडलाईट वायरला लोंबकळतेय, बंपरमध्ये चिऱ्याचा तुकडा अडकलाय, माझे पाय लटपटतायत, आणि हा बाबा मागच्या सीटवर पखवाजाच्या पुड्या चाचपून बघतोय! गाय जागची हलली नाही ते वेगळंच.

घरी आरती संपली आणि पडवीत कोर्ट बसलं. गाडी दादाच्या नावावर, चालवणारा मी, म्हणजे क्लेम गेला, असा एकमताने निकाल. मग फॉर्मवर ड्रायव्हर म्हणून दादाचं नाव. विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) आला, त्याने साधं विचारलं, कुठे निघाला होतात, गाय कुठल्या बाजूला होती? दादा कधी त्या वाडीत गेलेला नाही, तो म्हणाला बाजारात चाललो होतो. आणि ज्या वेळी अपघात झाला म्हणून लिहिलं त्या वेळी हा माणूस सोवळं नेसून फेसबुकवर आरती लाईव्ह दाखवत होता!! सर्व्हेअर काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. दादाची टरकली, त्याने क्लेमच मागे घेतला. बिल 43 हजार.

महिन्याभराने मी ती पॉलिसी सगळी वाचली. आणि कपाळावर हात मारून घेतला. आपल्याकडे विमा असतो गाडीचा. मालकाच्या परवानगीने, त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स असलेला कोणीही चालवत असेल तरी, फुल इन्शुरन्स असेल तर गाडीचं नुकसान धरतात, समोरच्याचं थर्ड पार्टीही धरतात. माझं लायसन्स खिशात होतं, चावी दादाने स्वतः दिलेली. अहो, क्लेम फॉर्ममध्येच रकाना असतो, चालवणारा मालक, पगारी ड्रायव्हर की नातेवाईक-मित्र! फक्त मालकालाच पैसे द्यायचे असते तर तो रकाना काय शोभेला छापलाय? खरं बोललो असतो तर पैसे मिळाले असते. खोटं बोललो म्हणून घालवले.

हां, लायसन्स नसेल, दारू प्यायलेला असेल, किंवा पांढऱ्या पाटीची (खाजगी) गाडी भाडं घेऊन पर्यटकांना तारकर्ली दाखवायला लावली असेल तर विसरा. आणि बिनलायसन्सवाल्याच्या हातात चावी दिली तर मालकालाही 5 हजार दंड आहे. अल्पवयीन पोर असेल तर 25 हजार आणि वर 3 वर्षांपर्यंत जेल, हे गणपतीत सोळा वर्षांच्या पोरांना गाड्या देऊन कौतुकाने बघत बसणाऱ्या काकालोकांनी वाचावं.

पण ज्याची खरी भीती वाटायला हवी त्याबद्दल पडवीत कोणी चकार शब्द काढला नाही. पॉलिसीबरोबर तो 15 लाखांचा अपघात विमा असतो ना, तो 'ओनर-ड्रायव्हर'चा. म्हणजे गाडी ज्याच्या नावावर त्याचा, म्हणजे दादाचा. त्या रात्री गडग्याऐवजी खालच्या व्हाळात (ओढ्यात) गेलो असतो तर पॉलिसीच्या कागदाप्रमाणे माझ्या घरच्यांना त्यातलं काही मिळायची खात्री नव्हती. पत्र्याला विमा होता, माझ्या हाडांना नव्हता. वेगळे जास्तीचे पैसे भरून ते कव्हर घेता येतं, पण घेतंय कोण.

आता कोणीतरी म्हणेल की क्लेम केला की मालकाचा नो क्लेम बोनस जातो. जातो, मान्य. पाच वर्षं क्लेम नसेल तर गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात 50 टक्क्यांपर्यंत सूट असते आणि आपल्या एका ठोकरीने ती शून्यावर येते. मग ज्याने ठोकली त्याने ते पैसे आणि क्लेममध्ये मालकाला स्वतःच्या खिशातून भरावे लागणारे हजार-दोन हजार मालकाच्या हातात ठेवावेत की! एवढी लाज तर हवी. आणि बारीकसा ओरखडा असेल तर क्लेम परवडतही नाही, तेही खरं. पण 43 हजार म्हणजे ओरखडा नव्हे हो.

मी दादाला 20 हजार दिले, तो घेत नव्हता, जबरदस्तीने दिले. मामा तेव्हा एकच बोलला होता, अजून आठवतं. सगळे पत्रा बघत होते आणि म्हातारा कंदील माझ्या तोंडासमोर धरून, "मेल्या, तुका खय लागला नाय मां? पत्रो काय, परत ठोकून घेवया." आता मामा नाही. हे टाईप करताना राग कुठे गेला कळलंच नाही.

तर त्या पोराला मी आज काहीच बोललो नाही, पाच जणांपुढे तोंड उघडलं नाही, आणि आता चुटपुट लागलीय. निळी हॅचबॅक, उजवा दिवा फुटलेला, आज सकाळी दहाच्या सुमारास. कोणी ओळखत असेल तर त्याला सांगा, फॉर्म भरायच्या आधी मला फोन कर.