गरुड चोच फोडत नाही

ऑफिसात नवं सॉफ्टवेअर येणार असो, दोन खाती एक होणार असोत की शाखा बंद पडणार असो, ट्रेनिंगच्या पहिल्या तासाला गरुड हजर असतोच. गोष्ट अशी: गरुड 70 वर्षं जगतो. चाळिशीत त्याची चोच वाकते, नख्या बोथटतात, पिसं जड होतात. मग तो कड्यावर जाऊन खडकावर चोच फोडतो, नवी चोच आली की तिने नख्या उपटतो, नव्या नख्यांनी पिसं उपटतो. 150 दिवसांनी त्याचा पुनर्जन्म होतो, पुढची 30 वर्षं पक्की. तात्पर्य: बदल हवा तर वेदना सोसा.

आधी वय. रानातले मोठे गरुड साधारण 20 ते 30 वर्षं जगतात. अमेरिकेतल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांत रानातल्या पक्ष्याची नोंदलेली कमाल 38 वर्षं आहे. 1977 साली न्यूयॉर्क राज्यात ओळखीसाठी पायात कडी घातलेला तो पक्षी 2015 मध्ये गाडीच्या धडकेने मेला. चाळिशीचा पेच पडायला मुळात चाळिशी तरी गाठायला हवी.

चोच. आत हाड, वर केराटिनचं आवरण, म्हणजे आपल्या नखांचंच द्रव्य. हे आवरण जन्मभर वाढतं आणि हाडं-मांस फाडताना, फांदीवर घासताना झिजतं. पिंजऱ्यातल्या पक्ष्याची झीज कमी पडते, म्हणून त्याची चोच कानशीने घासावी लागते. आतलं हाड फुटलं तर मात्र ते परत येत नाही. अलास्कात गोळी लागून वरची चोच गमावलेली एक मादी 2005 मध्ये सापडली. तिला माणसांनी भरवलं, 2008 मध्ये कृत्रिम चोच बसवली. खडकावर बसून तिला नवी चोच फुटली नाही. नख्यांचंही तेच, आणि नख्यांवाचून शिकार नाही, हे वेगळं सांगायला नको.

पिसांचा मुद्दा सगळ्यांत मजेशीर, कारण गरुड पिसं खरंच बदलतो. फक्त उपटत नाही. उडायची पिसं थोडीथोडी गळतात, साधारण दोन्ही पंखांवर जोडीने, म्हणजे तोल जात नाही. शेजारचं पीस बऱ्यापैकी वाढल्यावर पुढचं गळतं. मोठ्या गरुडाला सगळी पिसं बदलायला वर्षाहून जास्त लागतं आणि या सगळ्या काळात तो उडत असतो, शिकार करत असतो. वाढत्या पिसाच्या दांड्यात रक्त असतं. ते उपटलं तर भळाभळा वाहतं. (बदकं उडायची पिसं एकदम झाडतात, काही आठवडे उडूही शकत नाहीत. पण त्यांचं खाणं पाण्यातच असतं.)

आणि 150 दिवस उपाशी? पीस प्रथिनांचं असतं. खाणं तुटलं की वाढत्या पिसावर आडवी कमकुवत रेघ उमटते आणि पुढे ते तिथेच मोडतं. उपासाने पंख नवे होत नाहीत, कच्चे होतात. त्याआधी पक्षीच मरेल, ते निराळं.

"गोष्ट खोटी असेल, पण बोध खरा ना?" असं लगेच म्हटलं जातं. बोधच जास्त खोटा आहे. तो सांगणारा सहसा कड्यावर बसत नाही. चोच फोडायची काउंटरवरच्या माणसाने.

मोठा बदल कसा पेलला जातो ते आपल्याच खिशात बघा. 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे 16 आणे जाऊन 100 नये पैसे झाले. जुनी नाणी त्या दिवशी रद्द झाली नाहीत, नव्यांच्या जोडीला चालत राहिली. अडचण होतीच: एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. एकेक आणा सुटा बदलला तर 6 प्रमाणे चार आण्यांचे 24, एकदम मोजले तर 25. म्हणून रूपांतराचे तक्ते छापले गेले. वजनं त्यानंतर, ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने बदलली. शेर म्हणजे 933 ग्रॅम. 10 आणे शेर असलेली डाळ नव्या हिशेबात सुमारे 67 नये पैसे किलो. नाणं आणि माप एकाच दिवशी बदललं असतं, तर भाव वाढला की फक्त आकडा, हे ना गिऱ्हाइकाला कळलं असतं ना वाण्याला.

ऑफिसात हेच करायचं. आधी एकच विभाग घ्या आणि किमान दोन महिनाअखेर जुनं-नवं दोन्ही चालवून हिशेब जुळवा. फरक आला की आधी काउंटरवरच्याला विचारा. "हे गिऱ्हाईक उधारीवर चालतं, त्याचं बिल पाच तारखेला" असले अपवाद त्यालाच पाठ असतात, सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला नाही. जुनं बंद करायची तारीख पहिल्याच दिवशी सांगा. इथेच बहुतेक जण घसरतात: तारीख नसली की लोक दिवसभर जुन्या वहीत लिहितात आणि संध्याकाळी सहाला घाईघाईत नव्यात उतरवतात. दुप्पट काम, चुका तिप्पट, आणि मॅनेजरच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार. नये पैसे आले तेव्हा जुन्या नाण्यांची मुदत तीन वर्षं ठरली होती. 'नया' हा शब्द 1964 च्या जूनमध्ये गळाला, तोवर पैसा नवा राहिलाही नव्हता.