रानिएरी चौसष्टाव्या वर्षापर्यंत ‘फेल’ नव्हते

गेल्या रविवारी दादाने एक फॉरवर्ड पाठवलं. दादा कोल्हापुरात एकवीस वर्षं शाळेच्या मुलांना फुटबॉल शिकवत होता. ‘आम्हाला चषक आणणारा माणूस हवा’ असं सांगून यंदा शाळेने त्याला थांबवलं. फॉरवर्डखाली त्याने एवढंच लिहिलं होतं : ‘हा पण माझ्यासारखाच फेल होता.’ ती ओळ वाचली आणि मला राहवेना.

फॉरवर्ड थोडक्यात असं आहे. क्लाउडिओ रानिएरी हा इटालियन कोच चौसष्टाव्या वर्षापर्यंत आयुष्यात काहीच जिंकला नव्हता. चेल्सी या इंग्लिश क्लबने त्याला नालायक ठरवून काढलं. मग लेस्टर सिटीने त्याला कुणालाही नको असलेली पोरं दिली, त्याने त्यांना पिझ्झा खाऊ घातला, ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ म्हणाला आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची अव्वल लीग, जिंकली. क्लबने त्याला देव मानलं आणि तो सन्मानाने निवृत्त झाला. तात्पर्य : धीर धरा, तुमचीही वेळ येईल.

‘काहीच जिंकला नव्हता’ हे धडधडीत खोटं आहे. फिओरेन्तिनासोबत १९९६ मध्ये इटालियन कप, त्याच वर्षी मिलानला हरवून सुपर कप. व्हॅलेन्सियासोबत १९९९ मध्ये स्पेनचा कोपा देल रे, अंतिम सामन्यात अ‍ॅटलेटिको माद्रिदवर ३-० असा विजय. दुसऱ्यांदा व्हॅलेन्सियात गेले तेव्हा २००४ चा युरोपियन सुपर कप, तोही त्या वर्षीच्या युरोपविजेत्या पोर्तोला हरवून. हे पाच मिनिटांत तपासता येतं. ज्याने कुणी हे लिहिलं त्याने तेवढेही कष्ट घेतलेले नाहीत.

पण मला खरा राग चषकांच्या यादीवरून आलेला नाही. या फॉरवर्डच्या हिशेबात चषक सोडून कशालाच किंमत नाही, त्याचा राग आहे. १९८८ मध्ये रानिएरी कालियारीत गेले तेव्हा सार्दिनिया बेटावरचा तो क्लब इटलीच्या तिसऱ्या श्रेणीत होता. एका मोसमात दुसरी श्रेणी, पुढच्या मोसमात पहिली. १९९० मध्ये कालियारी सेरी आ मध्ये, म्हणजे इटलीच्या पहिल्या श्रेणीत होतं आणि पुढच्या वर्षी तिथे टिकलंही. फिओरेन्तिना दुसऱ्या श्रेणीत घसरलं होतं, त्याला १९९४ मध्ये वर आणलं. पार्मा बुडायच्या बेतात असताना २००७ च्या फेब्रुवारीत हाती घेतलं आणि वाचवलं. दुसऱ्या श्रेणीत अडकलेल्या मोनाकोला २०१३ मध्ये वर चढवलं आणि लगेच पुढच्या मोसमात फ्रान्समध्ये दुसरं स्थान मिळवून दिलं. बुडणारा संघ वाचवणं हे किती अवघड काम असतं, ते मैदानावर उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. आत्मविश्वास गेलेले खेळाडू, दर आठवड्याला शिव्या घालणारं स्टेडियम, आणि दोन सामने हरलात की घरी. हे काम हा माणूस तीस वर्षं करत आला. त्याला ‘फेल’ म्हणायचं?

एक गोष्ट मान्य करावी लागेल. २०१६ पूर्वी त्यांनी कोणत्याही देशाची अव्वल लीग जिंकली नव्हती. रोमासोबत २०१० मध्ये विजेतेपद दोन गुणांनी हुकलं. लेस्टरच्या आधीचं ग्रीसच्या राष्ट्रीय संघाचं काम तर वाईटच झालं. चार सामने, एक गुण, आणि चिमुकल्या फेरो बेटांकडून घरच्या मैदानावर पराभव. म्हणून लेस्टरने त्यांना बोलावलं तेव्हा लेस्टरचाच जुना खेळाडू गॅरी लिनेकर याच्यापासून सगळ्यांनी नाकं मुरडली, हे खरं आहे. पण एका फसलेल्या नोकरीवरून अख्खं आयुष्य फसलं असं कसं ठरतं?

चेल्सीचं म्हणाल तर २००३-०४ ची प्रीमियर लीगची गुणतालिका काढून बघा. आर्सेनल ९० गुण, चेल्सी ७९ गुण, दुसरं स्थान. तो आर्सेनलचा एकही सामना न हरलेला मोसम होता. त्याच आर्सेनलला चेल्सीने चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत बाहेर काढलं. उपांत्य फेरीत मोनाकोविरुद्ध रानिएरींनी खेळाडू बदलताना चूक केली, ती त्यांना महागात पडली. पण काढलं ते नालायक म्हणून नाही. नव्या मालकाला, रोमन अब्रामोविचला, मोठ्या नावाचा माणूस हवा होता. पुढच्या वर्षी त्यांच्या जागी आलेल्या मोरिन्योने लीग जिंकली ती कुणाच्या जिवावर? लॅम्पार्ड, मॅकेलेले, गॅलास, डफ, जो कोल हे सगळे रानिएरींच्या काळात आलेले. जॉन टेरी संघात पक्का झाला तोही त्यांच्याच हाताखाली.

आता लेस्टरची पोरं. जेमी वार्डी कारखान्यात काम करत खालच्या लीगमध्ये खेळायचा, हे अर्धसत्य नाही, पूर्ण सत्य आहे. पण क्रिस्टियन फुक्स ऑस्ट्रियाचा कर्णधार होता, ओकाझाकी जपानचा आघाडीवीर, आणि रॉबर्ट हूथकडे चेल्सीसोबत जिंकलेली दोन लीग पदकं होती. कांते आणि माहरेझ हे शोधून आणलेले हिरे होते, त्यामागे क्लबच्या माणसांनी फ्रान्सच्या मैदानांवर घालवलेले दिवस होते. त्या संघाने आदल्या मोसमातल्या शेवटच्या नऊपैकी सात लढती जिंकल्या होत्या. रानिएरींचं मोठेपण असं की त्यांनी चाललेली घडी मोडली नाही. ४-४-२ अशी साधी मांडणी (चार बचावात, चार मध्ये, दोन पुढे), चेंडू समोरच्याला खेळू द्यायचा, कांतेने हिसकावायचा आणि वार्डीला बचावफळीच्या मागे पळवायचं. ८१ गुण, ३८ सामन्यांत फक्त ३ पराभव. पिझ्झा एकही गोल न खाल्ल्याच्या बक्षिसाचा होता, त्यावर लीग जिंकता येत नाही.

आणि ‘क्लबने देव मानलं’. हे मात्र सगळ्यात घातक आहे, कारण ते वाचून दादासारखी माणसं वाट बघत बसतात. २ मे २०१६ रोजी विजेतेपद पक्कं झालं. २३ फेब्रुवारी २०१७ रोजी, म्हणजे दहा महिनेही उलटले नव्हते, लेस्टरने रानिएरींना काढलं. जानेवारीत फिफाने त्यांना वर्षातला सर्वोत्तम कोच म्हणून गौरवलं होतं. संघ रेलिगेशनच्या, म्हणजे खालच्या श्रेणीत घसरण्याच्या, रेषेच्या जेमतेम वर होता, क्लब भावनेपेक्षा मोठा आहे असं मालकांनी निवेदनात सांगितलं. दुसऱ्या दिवशी रानिएरी म्हणाले की काल माझं स्वप्न मेलं. प्रीमियर लीग आणून दिलेल्या माणसाला जर ही वागणूक, तर चषक आणला की जग आपल्याला जपेल हे दादाला कोण सांगतंय आणि का?

तेव्हा ते निवृत्तही झाले नाहीत. नान्त, फुलहॅम, रोमा, साम्पदोरिया, वॉटफर्ड असं काम करत राहिले. काही ठिकाणी जमलं, काही ठिकाणी नाही. २०२३ च्या जानेवारीत पुन्हा दुसऱ्या श्रेणीतल्या कालियारीत गेले, वय एकाहत्तर. ११ जूनला बारीच्या मैदानावर पहिल्या श्रेणीत कोण जाणार हे ठरवणारा प्ले-ऑफचा अंतिम सामना होता. बरोबरी झाली असती तरी बारी वर गेलं असतं. इंज्युरी टाइममध्ये बदली खेळाडू पावोलेत्तीने गोल केला. कालियारी सेरी आ मध्ये, आणि बाकाजवळ म्हातारा रडतोय. त्या रात्री त्यांना कुठलाही चषक मिळाला नाही.

दादाला मी त्या गोलचा व्हिडिओ पाठवला. रात्री अकराला त्याचा फोन आला. म्हणाला, ‘पावोलेत्तीला किती मिनिटं आधी उतरवलं होतं गं त्यांनी?’