पंधरावी मुलगी

गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू हातात धरून पळता येतं, त्याला लाथ मारता येते, बुक्कीने तो दुसरीकडे ढकलता येतो, जमिनीवर आपटता येतो आणि पळता पळता चवड्यावरून पुन्हा आपल्याच हातात उडवता येतो. सरावाने हे सगळं जमतं. जमत नाही ते एकच. मैदानावर एकाच वेळी पंधरा मुली उभ्या करणं.

मी आयर्लंडच्या लीट्रिम काउंटीत राहतो. बायको स्लायगोच्या रुग्णालयात डॉक्टर आहे. मी घरी बसून संगणकावर काम करतो, म्हणजे गावाच्या लेखी दिवसभर रिकामा असतो. २०२२ च्या जनगणनेत अख्ख्या लीट्रिमची लोकसंख्या भरली ३५,१९९. आमच्याकडे एवढ्या लोकसंख्येवर नगरपालिका धड चालत नाही. इथे तेवढ्यात सबंध काउंटी चालवतात, तिचे फुटबॉलचे संघ चालवतात, आणि संघ हरला की पस्तीस हजार जणांना तो कसा खेळायला हवा होता हे आधीपासून माहीत असतं.

इथला नियम असा की आपण आपल्या पॅरिशचे. चर्च ज्या हद्दीपर्यंतच्या लोकांचं, त्याच हद्दीतल्या मुली आपल्या क्लबच्या. आता आमच्या पॅरिशमध्ये अंडर-१६ ला बसतील अशा मुली जेमतेम डझनभर. त्यातली एक घोड्यांची, एक नाचाची, आणि एकीला खेळाचा मनापासून तिटकारा. हा तिचा हक्क आहे हे मला तत्त्वतः मान्य आहे, पण एप्रिलनंतर मान्य करणं जड जातं. वयोगट जन्माच्या सालावर ठरतो. त्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गावात कुणाचे दिवस भरले असतील तर आमच्या मॅनेजरबाई अस्वस्थ होतात. मूल एक तारखेपर्यंत थांबलं आणि मुलगी झाली, तर आपल्याला पंधरा वर्षांनी एक सीझन जास्त मिळेल, असा त्यांचा हिशेब.

मॅनेजरबाईंच्या घरी गुरं आहेत, शाळेत नोकरी आहे, आणि उरलेल्या वेळात हा संघ आहे. मी त्यांच्या तावडीत सापडलो तो क्लबच्या वार्षिक सभेत. सभेला चहा आणि हॅम सँडविच असतात. मी हॅम खात नाही, म्हणजे केवळ चहासाठी गेलो होतो. ‘रजिस्ट्रार कोण होणार?’ असा प्रश्न आला आणि सगळी सभा आपापल्या बुटांकडे बघू लागली. मी नवा होतो, मला ही रीत ठाऊक नव्हती. मी समोर बघत राहिलो. निवड बिनविरोध झाली.

मग पोलिसांची पडताळणी, मुलांच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम, त्याचं प्रमाणपत्र. हे सगळं रास्तच आहे, माझी तक्रार नाही. फक्त एवढंच, की लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी माझी याच्या निम्मीही चौकशी केली नव्हती.

रजिस्ट्रारचं काम कागदावर सोपं. नोंदणी करायची, वर्गणी गोळा करायची. पण खरं काम मंगळवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू होतं. ‘शनिवारी सामना. कोण कोण येणार?’ असं मी टाकतो. लगेच अंगठे यायला लागतात. पहिल्या वर्षी ते अंगठे मोजून मी निर्धास्त झोपायचो. इथे अंगठ्याचा अर्थ ‘तुझा मेसेज मिळाला’ एवढाच होतो हे पुढे कळलं. ‘ती नक्की प्रयत्न करेल’ म्हणजे येणार नाही. ‘शंभर टक्के येणार, पण’ म्हणजेसुद्धा येणार नाही. खात्रीने येणाऱ्या मुलीची आई मुळात उत्तरच देत नाही, त्यामुळे तिला बुधवारी फोन करावा लागतो.

आणि कारणं तरी कसली? मे महिन्यात सायलेजची गडबड, म्हणजे गुरांसाठी गवत कापून साठवायचं. आकाश कोरडं दिसलं की अख्खं गाव ट्रॅक्टरवर. जूनमध्ये परीक्षा. परीक्षा संपली की आयरिश भाषा शिकायला मुली तीन आठवडे समुद्राकडच्या गेल्टाख्त भागात जातात. भाषेबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे, पण व्याकरण नोव्हेंबरमध्येही शिकता येतं. शनिवारी सकाळी सॉकर असतं. सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर फिश अँड चिप्सच्या दुकानात नोकरी लागते, आणि तिथे तासाला पैसे मिळतात. आमच्याकडे उलट वर्गणी भरावी लागते. शिवाय दातांचं गमशील्ड घरी राहिलं तर मुलगी आली काय अन् न आली काय, सारखंच. ते तोंडात असल्याशिवाय मैदानात पाऊल टाकू देत नाहीत. म्हणून आमच्या गाडीच्या कप्प्यात जास्तीची गमशील्डं कायम असतात. पाहुणे ती बघतात आणि काही विचारत नाहीत.

याचा परिणाम माझ्या स्वभावावर झाला आहे. दुकानात, पेट्रोल पंपावर, चर्चच्या दारात, कुठेही नवं कुटुंब दिसलं की मी उपवर मुलाच्या बापासारखा चौकशीला लागतो. घर कुठलं, मुली किती, उंची किती, पळतात का. गावच्या हॉटेलात युक्रेनहून आलेल्या लोकांची सोय झाली, तेव्हा सगळ्यांनी ब्लँकेटं आणि भांडी नेली. मॅनेजरबाईंनी भांडी नेली आणि सोबत दोन जर्सी नेल्या. त्यातली एक मुलगी आज आमची गोलकीपर आहे. तिला नियम कळायच्या आधी तिने पेनल्टी अडवली होती.

एवढं करूनही आकडा भरत नाहीच. मग खोगीरभरती. अंडर-१४ मधल्या, क्वचित त्याहूनही लहान मुली वर घ्यायच्या. अशा एका चिमुरडीला आम्ही कोपऱ्यात उभी केली होती. जर्सी गुडघ्यापर्यंत, मोजे मांड्यांपर्यंत, मधली मुलगी जवळपास दिसतच नव्हती. ‘तू फक्त उभी राहा, आम्हाला पंधरा लागतात’ एवढीच तिला सूचना. ती इमानाने उभी राहिली. तिच्यावर पहारा ठेवणाऱ्या समोरच्या मुलीशी गप्पा सुरू झाल्या, दोघींकडे कॉकर स्पॅनियल जातीचा कुत्रा निघाला. तेवढ्यात चेंडू घरंगळत थेट हिच्या पायाशी आला. मुलींच्या फुटबॉलमध्ये तो जमिनीवरून सरळ हाताने उचलता येतो, पुरुषांसारखा आधी पायाने उडवावा लागत नाही. तिने वाकून अगदी नियमाप्रमाणे उचलला. आमच्या बाजूला सगळ्यांनी श्वास रोखला. तिने चेंडू एकदा पाहिला आणि हसून तो नव्या मैत्रिणीच्या हातात दिला.

प्रेक्षक म्हणाल तर ओळीने लावलेल्या गाड्या. लीट्रिमची जमीन एकरावर नाही, गॅलनवर विकतात, असं इथले लोकच म्हणतात. अशा पावसात कुणी बाहेर उभं राहत नाही. आया-बाप काचा वर करून, वायपर चालू ठेवून सामना बघतात आणि गोल झाला की हॉर्न वाजवतात. कधी कधी गोल समोरच्यांनी केलेला असतो, पण काचेवर वाफ धरलेली असल्याने आमच्याही गाड्या वाजतात. २०१९ साली मुलींच्या ऑल-आयर्लंड अंतिम सामन्याला डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ५६,११४ लोक आले होते. टीव्हीवर ते बघून आमच्या गावाने डोळे पुसले. पुढच्या शनिवारी आमच्या सामन्याला चार गाड्या होत्या, त्यातली एक रस्ता चुकलेली.

गोलखांबाशी उभं राहून झेंडे दाखवायलाही माणूस लागतो. चेंडू आडव्या दांडीच्या वरून गेला तर एक पॉइंट आणि पांढरा झेंडा, खालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन पॉइंट आणि हिरवा झेंडा. गुणफलकावर २-७ असं लिहिलेलं असतं, त्याची बेरीज तेरा होते; मला ही बेरीज जमते म्हणून मी त्या कामाला लायक ठरलो. क्लबच्या अडगळीतून एक पांढरा कोट निघाला, तो मी घालतो. मुलाने डॉक्टर व्हावं, पांढरा कोट घालावा, ही माझ्या आईची फार इच्छा होती. व्हिडिओ कॉलवर तिने तो कोट पाहिला, आणि हातातल्या झेंड्यांबद्दल अवाक्षर न काढता शेजारच्या काकूंना बोलावून आणलं.

मैदानाची गोष्ट निराळीच. मुलींची संघटना वेगळी, पुरुषांची वेगळी. पुरुषांची ती जीएए, म्हणजे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन; ती स्थापन झाली १८८४ साली, थर्ल्स गावच्या हेज हॉटेलात. लेडीज गेलिक फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली तीसुद्धा थर्ल्सच्या हेज हॉटेलातच, पण १९७४ साली. त्याच हॉटेलचा दरवाजा उघडायला बायकांना नव्वद वर्षं लागली, आणि तरी मैदानाच्या किल्ल्या बहुतेक गावांत पुरुषांच्याच खिशात राहिल्या. आता माजी राष्ट्राध्यक्षा मेरी मॅकअलीज यांच्या पुढाकाराने पुरुषांची, लेडीज फुटबॉलची आणि कमोगीची (हा बायकांचा काठी-चेंडूचा खेळ) अशा तिन्ही संघटना एकत्र आणायचं घाटतंय, २०२७ चं साल त्यासाठी ठरलंय. तोवर आम्हाला मिळतो मागचा तुकडा, जिथे लव्हाळे माजलेत आणि एका कोपऱ्यात पाणी बारा महिने साचलेलं असतं. पुढच्या चांगल्या मैदानाला ‘विश्रांती’ देतात. पुरुषांचा सामना असला की ते मैदान एकदम ताजंतवानं होतं.

एका वर्षी आकडा नऊवर आला. तेव्हा जे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं ते बोलावं लागलं: शेजारच्या पॅरिशशी हातमिळवणी. मॅनेजरबाई एरवी खचलेल्यांना मेयो काउंटीतल्या कार्नाकनचं उदाहरण देतात. एवढंसं गाव, पण कोरा स्टॉन्टनसारखी खेळाडू तिथली, आणि मुलींच्या क्लबने सहा वेळा ऑल-आयर्लंड क्लब विजेतेपद मिळवलं. त्या दिवशी त्यांनी कार्नाकनचं नाव काढलं नाही.

सभा दोन्ही गावांच्या मधोमध एका हॉलमध्ये. त्यांच्या बाजूला त्यांचे म्हातारे, आमच्या बाजूला आमचे. पहिला तास पुरुषांच्या एका जुन्या सामन्यातल्या एका पॉइंटवर गेला. तो आतून गेला होता की बाहेरून? तेव्हाचा पंच वारला आहे, तो खांब बदलला आहे, आणि मूळ मुद्दा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींचा आहे, याचं कुणाला भान नव्हतं. मग जोडनावात आधी कुणाचं नाव. वर्णानुक्रमाने लावा, असं मी सुचवलं. त्यात ते आधी येत होते, त्यामुळे घरच्या मंडळींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे चहाच्या किटलीपाशीच थांबलो. जर्सीचा रंग त्यांचा की आमचा यावर रात्र झाली. शेवटी दोघांचाही नसलेला रंग निवडला. तो तिसऱ्या गावाचा निघाला, आणि त्या गावाशी दोघांचंही वैर आहे.

आत स्वयंपाकघरात दोन्हीकडच्या मुली बिस्किटं संपवत बसल्या होत्या. त्या माध्यमिक शाळेत एकाच वर्गात असतात. त्यांचा एकत्र ग्रुप तयार झाला होता, टोपणनावं ठरली होती, कॅप्टनही ठरली होती. बाहेर काय चाललंय हे एकीने विचारलं. मी ‘तो पॉइंट’ म्हटलं. ‘अजून?’ म्हणून तिने शेवटचं बिस्किट उचललं.

जोडसंघ झाला आणि संकट उलटं फिरलं. आता पंधराच्या वर मुली येऊ लागल्या. ज्या आईला मी वर्षभर हातापाया पडून शनिवारी आणत होतो, तीच विचारू लागली, ‘आमची बाकावर का?’ मॅनेजरबाई म्हणाल्या, बाकावर कुणी बसलंय हे बघायला मिळालं, मी कृतार्थ आहे. पण हे सुख फार टिकणारं नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. या मुली अठराच्या झाल्या की गॉलवे नाहीतर डब्लिन, आणि तिथून नर्सिंगची किंवा शिक्षकीची पदवी घेऊन थेट सिडनी. सिडनीत आयरिश मुलींचे गेलिक फुटबॉलचे संघ म्हणे कसे भरलेले असतात. असणारच, आमचेच गेलेत ना.

गेल्या वसंतात क्लबने ‘गेलिक फॉर मदर्स अँड अदर्स’ सुरू केलं. २००८ पासून देशभर चालतं हे. ज्या बायका कधी खेळल्या नाहीत किंवा मूल झाल्यावर थांबल्या, त्यांच्यासाठी. स्पर्धा नाही, निवड नाही, खेळून झालं की चहा. पहिल्या संध्याकाळी किती येतील? मी अनुभवी माणूस, म्हटलं सहा. पार्किंगला जागा उरली नाही. ज्या बायका माझ्या मेसेजला अंगठा देऊन गायब होतात, त्या झाडून सगळ्या हजर. डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी नडगी काळीनिळी करून आल्या आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी मला ऑफसाइडबद्दल विचारलं. गेलिकमध्ये ऑफसाइड नसतो हे सांगितल्यावर ‘मग तर छानच’ म्हणून त्या बर्फ शोधायला गेल्या.

त्यांचा आकडा इतका वाढला की क्लबच्या समितीने पुढच्या मैदानाची विश्रांती तात्काळ रद्द केली. दिवस दिला मंगळवार, दिवे लावून, सात ते आठ. तो मंगळवार मुलींचा होता. मी हरकत नोंदवायला समितीकडे गेलो, तर तिथे माझीच बायको त्यांच्या वतीने बोलायला बसलेली. तिने मला चहा विचारला आणि मुलींसाठी मागचा तुकडा सुचवला. शिवाय लव्हाळे कापायला कुणी रिकामा माणूस मिळाला तर बरं होईल, असं ती सगळ्यांदेखत म्हणाली, आणि या वेळी सभेतला एकही जण बुटांकडे बघत नव्हता.