मॅज सायर्स : ‘चारांत दुसरी’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. ब्रिटिश फिगर स्केटर (बर्फावर स्केटिंग करणारी खेळाडू) मॅज सायर्सवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, “१९०२ च्या जागतिक स्पर्धेत खेळाडू होते चार. त्यात दुसरी आली. बाई होती म्हणून एवढं कौतुक.”

चारच होते, मान्य. पण तिच्या पुढे कोण होता? उलरिक साल्को, ज्याने पुढेमागे मिळून दहा जागतिक विजेतेपदं जिंकली. उरलेले दोघे पुरुष तिच्या मागे राहिले. साल्कोने आपलं सुवर्णपदक तिला देऊ केलं ही कथा मी पुरावा म्हणून वापरत नाही, निकाल पुरेसा आहे. त्या काळी ठरवून दिलेल्या आकृत्यांना फार महत्त्व असे. एका पायावर, पात्याच्या धारेवर तोल सांभाळत वर्तुळं काढायची, तीच रेघ पुन्हा गिरवायची आणि परीक्षकांनी बर्फावरची रेघ वाकून तपासायची. रेघ बाईने काढली की पुरुषाने, हे बर्फावर दिसत नाही.

ती बाई होती म्हणून तिला सवलत मिळाली असं तुम्हाला वाटतं. घडलं उलटंच. स्त्रियांना मनाई करणारा नियम तोवर कुणी लिहिलाच नव्हता, म्हणून ती उतरू शकली. १९०३ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने तो लिहिला. कारणं काय, तर लांब झग्यामुळे पाय दिसत नाहीत आणि परीक्षकाचा एखाद्या मुलीवर जीव जडलेला असू शकतो! मॅज तर त्या काळच्या मानाने आखूड झगा घालायची. मला याचा आजही संताप येतो.

त्याच वर्षी ब्रिटनची पहिली एकेरी स्पर्धा झाली, स्त्री-पुरुष दोघांनाही खुली. ती मॅजने जिंकली. १९०४ मध्ये पुन्हा जिंकली, तेव्हा हरलेल्यांत तिचा नवरा एडगर होता. तिला शिकवणारा, आखडलेली इंग्लिश शैली सोडायला लावणारा तोच.

स्त्रियांची वेगळी जागतिक स्पर्धा १९०६ साली दाव्होसला सुरू झाली. ती आणि पुढच्या वर्षीची व्हिएन्नाची, दोन्ही तिच्याच. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पाचही परीक्षकांनी तिला पहिला क्रमांक दिला, शिवाय एडगरसोबत जोडीचं कांस्यही मिळालं. १९१७ मध्ये हृदयविकाराने ती गेली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी.

तुमचा आक्षेप खेळाडूंच्या संख्येवर आहे. बर्फावर तिची कामगिरी नेमकी कुठे कमी पडली, ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. ते लिहा, त्यावर मला मनापासून बोलायचंय.